क्रिनॉइडच्या डोक्यावर कोण बसलंय?

मागच्या आठवड्यात आपण सुगरणीच्या खोप्यात डोकावलो होतो. आज डोकवायचंय ते एका दगडात. आणि हो, आज एक कोडंही आहे बरं का! वाचता वाचता सोडवायचं. शेवट आधी वाचून उत्तर बघायचं नाही!

समजा, तुमच्या पुढ्यात टेबलावर एक दगड ठेवलाय. वहीच्या पानाएवढा, दोन बोटं जाड, रंगानं राखाडी. लांबून बघितलं तर फरशीचा तुकडाच वाटेल. पण जरा जवळ या. एका कडेला बारीक मण्यांची माळ दगडात रुतून बसल्यासारखी दिसतेय ना? ती माळ वळत वळत वर जाते आणि सुपारीएवढ्या एका गोट्यापाशी दगडात गडप होते.

हा दगड आपल्याकडचा नाही. अमेरिकेत इंडियाना नावाचं राज्य आहे, तिथल्या क्रॉफर्ड्सव्हिल गावाजवळचा आहे. वय म्हणाल तर सुमारे ३४ कोटी वर्षं! डायनोसॉर जन्माला यायला तेव्हा अजून दहा कोटी वर्षं अवकाश होता. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसापासून बनला, तो रस वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्री या दगडापुढे अगदीच तान्हं बाळ!

तेव्हा इंडियानाच्या जागी उथळ, उबदार समुद्र होता. त्या समुद्राच्या तळावर फुलांच्या बागेसारखे प्राणी उभे असायचे. हो, प्राणी! लांब देठ, देठावर पेल्यासारखं शरीर आणि पेल्याच्या काठावरून वर पसरलेले पिसांसारखे हात. यांना म्हणतात क्रिनॉइड. मराठीत आपण समुद्रकमळ म्हणू या, कारण दिसतं ते तसंच. मात्र ही वनस्पती नव्हे. तारामासा पाहिलाय ना चित्रात? त्याचीच ही लांबची भावंडं. तारामाशाचे पाच हात असतात, तसा यांच्या शरीराचाही हिशेब पाचाचा. पाण्यातून वाहत येणारे अन्नाचे बारीक कण हातांनी टिपायचे आणि तोंडाकडे सरकवायचे, एवढंच काम. जेवायला कुठं जायला नको. ताट आपणहून पुढं येतं!

क्रिनॉइड आजही आहेत. सहाशेहून अधिक जाती. देठ असलेले आता खोल समुद्रात राहतात. बिनदेठाचे, पिसाऱ्यासारखे दिसणारे क्रिनॉइड आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांतही दिसतात.

क्रिनॉइड मेला की काही दिवसांतच त्याचे तुकडे तुकडे होतात. कारण त्याचं सगळं अंग छोट्या छोट्या चकत्यांचं बनलेलं असतं. त्यांना धरून ठेवणारे धागे कुजले की चकत्या सुट्या. म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी सापडतात त्या देठाच्या सुट्या चकत्या, गोल आणि मधोमध भोक असलेल्या. तुमच्या आजीच्या डब्यात १९४३ ते ४७ च्या काळातला भोकाचा पैसा असेल तर बघा, थेट तसा आकार. इंग्लंडच्या उत्तर भागात लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथले लोक या चकत्या दोऱ्यात ओवून जपमाळ करायचे. संत कथबर्टचे मणी म्हणत त्यांना. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या देठाचे तुकडे आपण बोटांनी सरकवतोय, हे त्यांना कुठं ठाऊक!

क्रॉफर्ड्सव्हिलच्या समुद्रात मात्र गाळाचे लोंढे अचानक आले आणि क्रिनॉइड उभेच्या उभे गाडले गेले. तुटायला वेळच मिळाला नाही. म्हणून तिथले क्रिनॉइड देठासकट, हातांसकट सापडतात. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ते ठेवलेले आहेत. आणि गंमत सांगू? तिथले हे क्रिनॉइड पहिल्यांदा कुणाच्या नजरेला पडले म्हणे, तर होरेस होव्ही नावाच्या मुलाच्या. साल १८४२, होरेसचं वय नऊ! म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गातल्या मुलाएवढा. त्याचे वडील तिथल्या वॉबॅश कॉलेजात शिकवायचे. शुगर क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी कोरीज ब्लफ नावाचा कडा आहे, तिथे त्याला हे दगड मिळाले. पुढे तो मोठा होऊन धर्मोपदेशक झाला आणि गुहांचा अभ्यासक म्हणून गाजला. दगडांचा नाद काही सुटला नाही.

असो. आपण आपल्या दगडाकडे येऊ. क्रिनॉइड अर्धा आत आहे, त्याला बाहेर काढायचंय. छिन्नी-हातोडा? छे छे! तो दगड फोडून आणतानाच. आता पुढचं काम दागिना घडवणाऱ्या सोनाराचं. समोर सूक्ष्मदर्शक. हातात पेनाएवढं एक यंत्र, ज्याचं टोक हवेच्या दाबानं भराभर थरथरतं आणि दगडाचा कणकण उडवतं. जीवाश्म जवळ आला की हे पेनही बाजूला ठेवायचं. मग दुसरं यंत्र. त्याच्या बारीक नळीतून हवेबरोबर पूड फवारली जाते. पूड कसली ठाऊक आहे? बऱ्याच वेळा चक्क खायच्या सोड्याची! आई भज्यांत चिमूटभर घालते ना, तोच.

सोडाच का? यात एक छान शास्त्र आहे. कोणता पदार्थ कोणाला ओरखडा काढतो, यावरून पदार्थांच्या कठीणपणाला क्रमांक दिलेले आहेत, १ ते १०. हिरा १० वर. क्रिनॉइडचं अंग ज्या कॅल्साइटचं असतं, त्याचा क्रमांक ३. आपलं नख आणि खायचा सोडा, दोन्ही अडीचच्या आसपास. म्हणजे सोडा कॅल्साइटहून मऊ. तो भुसभुशीत गाळाचे कण उडवतो, पण क्रिनॉइडला खरवडत नाही. वाळू फवारली असती तर गाळ गेला असता आणि क्रिनॉइडही गेला असता!

हे काम किती वेळ चालतं? एकेका क्रिनॉइडला कित्येक तास, कधी कित्येक दिवस. मान दुखते, डोळे चुरचुरतात. नाकातोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावावा लागतो, कारण दगडाची धूळ फुप्फुसांना फार वाईट.

तर सोडा उडतोय. देठ मोकळा झाला. पेला दिसू लागला. हात एकेक करून उलगडले. आणि अचानक...

पेल्याच्या वर, हातांच्या मधोमध, काहीतरी वेगळंच आहे! क्रिनॉइडचा भाग वाटत नाही. टोपीसारखं, एका बाजूला जरा वळलेलं, बोराएवढं. कुणी तरी क्रिनॉइडच्या डोक्यावर वाकडी टोपी ठेवून गेलंय जणू.

हेच आपलं कोडं. हे काय आहे?

घाई नको. आधी निरीक्षण, मग नाव. पोलीसकाका चोर शोधताना काय करतात? आधी ठसे बघतात. आपणही ठसे बघू.

पहिला ठसा चमकेचा. क्रिनॉइडची कुठलीही एक चकती घ्या, तारामाशाच्या अंगातली बारीक तकटी घ्या, ती आतून कॅल्साइटचा एकच अखंड स्फटिक असते. म्हणून जिथं ती तुटलेली असते, तिथं दगड हळूहळू फिरवला की तो तुटका भाग एकदम आरशासारखा लखकन चमकतो. आणखी थोडा फिरवला की चमक गेली. गाळातून एक चकती बाहेर डोकावत असेल, तरी एवढ्या एका खुणेवरून जाणकार सांगतात की ही क्रिनॉइडच्या कुळातली. आता आपली टोपी फिरवून बघा. कडेला थोडीशी तुटलीय, पण तशी चमक येत नाही. म्हणजे हा क्रिनॉइडचा अवयव नव्हे. पाहुणा आहे!

दुसरा ठसा आकाराचा. पाचाचा हिशेब आहे का? नाही. गाळण्यासारखी बारीक बारीक छिद्रं आहेत का? असती तर ब्रायोझोआ म्हणता आलं असतं. ते इवले इवले प्राणी वसाहत करून राहतात, चाळणीच्या जाळीसारखे. तीही नाहीत. मग दोन शिंपा मिटून बसलेला प्राणी असेल? त्या काळच्या समुद्रात ब्रॅकिओपॉड नावाचे शिंपल्यासारखे जीव खूप होते. त्यांना ओळखायची युक्ती सोपी आहे. ब्रॅकिओपॉडच्या एकाच शिंपेच्या मधून रेघ मारली तर डावी-उजवी बाजू सारखी दिसते, पण वरची आणि खालची शिंप एकमेकींसारखी नसतात. आपल्या नेहमीच्या शिंपल्यात बरोबर उलटं. दोन शिंपा एकमेकींच्या प्रतिमा, पण एका शिंपेची डावी-उजवी बाजू वेगळी. आपल्या टोपीला मात्र दुसरी शिंपच नाही. एकच कवच, आतून पोकळ.

तिसरा ठसा रेघांचा. टोपीवर काठाला समांतर अशा रेघा आहेत, एकीबाहेर एक. झाडाच्या खोडात वाढीची वलयं असतात, तशा या वाढीच्या रेघा. कवच काठाकाठानं वाढत गेलंय. आणि टोपीचं टोक? नीट बघा, किंचित गुंडाळलेलं आहे.

आता सांगा! काठानं वाढणारं, एकच, पोकळ, टोकाला वळलेलं कवच कुणाचं?

ज्यांनी 'गोगलगाय' म्हटलं त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घ्यावी. ही आहे समुद्रातली गोगलगाय, नाव प्लॅटिसेरस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ रुंद शिंग.

झालं का कोडं सुटून? छे, खरं कोडं तर आता सुरू होतं. गोगलगाय तिथं काय करत होती?

एकदाच सापडली असती तर म्हटलं असतं, गाळाच्या लोंढ्यात वाहत आली असेल. पण अशा जोड्या शेकड्यांनी मिळाल्या. क्रिनॉइड आणि त्याच्या डोक्यावर प्लॅटिसेरस. शंभर वेळा एकाच बाकावर बसलेले दोघे दिसले, तर तो योगायोग कसा म्हणायचा?

एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी उत्तर दिलं, 'क्रिनॉइड गोगलगायीला खाताना मेला!' त्यांना वाटलं, क्रिनॉइड हा मांसाहारी प्राणी असणार. हात मिटून त्यानं गोगलगाय पकडली, तोंडाशी धरली, आणि तेवढ्यात वरून गाळ कोसळला. घास तोंडातच राहिला बिचाऱ्याचा.

गोष्ट म्हणून झकास आहे. पण तिच्यात एक गडबड होती. या क्रिनॉइडांच्या पेल्याला वरून घट्ट झाकण असतं, आणि खरं तोंड त्या झाकणाच्या खाली लपलेलं असतं. वरून दिसतं ते एकच भोक. तेच तोंड असं लोक समजून चालले. आणि ते होतं... हसू नका हं... शी बाहेर टाकायचं भोक! म्हणजे गोगलगाय तोंडावर नव्हे, भलत्याच ठिकाणी बसलेली होती. (वर्गात हे सांगितलं की पुढची पाच मिनिटं फळ्याकडे कुणी बघत नाही, हा माझा अनुभव आहे.)

याच काळात अमेरिकेतल्या बर्लिंग्टन गावात चार्ल्स वाक्समुथ नावाचे गृहस्थ राहत होते. जर्मनीहून आलेले, व्यवसाय किराणा दुकानाचा. तब्येत नाजूक. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत फिरत जा. फिरता फिरता हे दगड गोळा करू लागले. बर्लिंग्टनच्या दगडांत क्रिनॉइड खच्चून भरलेले! बघता बघता दुकान मागं पडलं आणि हा किराणा दुकानदार क्रिनॉइडचा जगातला मोठा जाणकार झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या लुई अगासी यांनी त्यांचा संग्रह विकत घेतला. पुढे फ्रँक स्प्रिंगर या वकिलाची त्यांना साथ मिळाली आणि दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेतल्या क्रिनॉइडांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १८९७ साली प्रसिद्ध झाला. दुर्दैवानं वाक्समुथ त्याआधीच, १८९६ मध्ये गेले. शास्त्रज्ञ व्हायचं तर मोठी पदवीच लागते, असं म्हणणाऱ्या आईबाबांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा!

पण कोड्याचा धागा हाती दिला तो चार्ल्स कीज यांनी, १८८८ साली. त्यांनी काय केलं असेल? फक्त नीट बघितलं. गोगलगायीच्या कवचाचा काठ बघितला. क्रिनॉइडच्या पेल्यावर जिथं उंचवटा, तिथं कवचाच्या काठाला खोबण. जिथं खड्डा, तिथं काठ पुढं आलेला. डब्याला त्याचंच झाकण बसावं तसा काठ तंतोतंत बसलेला. आणि कवचावरच्या वाढीच्या रेघा? त्याही तशाच नागमोडी.

विचार करा, याचा अर्थ काय? काठ तंतोतंत बसायचा तर गोगलगाय तिथंच बसून वाढलेली असली पाहिजे. एका घासापुरती आलेली गोगलगाय अशी बसणार नाही. तुमच्या पायाचा ठसा चपलेत उमटतो ना, तो एका दिवसात नाही उमटत. रोज घालून घालून उमटतो. म्हणजे ही गोगलगाय तिथं दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, मुक्कामाला होती! आणि क्रिनॉइड तिला खात नव्हता. यातून आणखी एक गुंता सुटला. प्लॅटिसेरसची कवचं वेडीवाकडी, एकासारखं दुसरं नाही. म्हणून प्रत्येक आकाराला वेगळं नाव दिलं जात होतं. पण बसायची जागा जशी, तसं कवच वाकडं, हे कळल्यावर त्यातली कितीतरी नावं उगाचच दिलेली निघाली.

मग जन्मभर त्या जागी बसून खायची काय? जागाच अशी की उत्तर सरळ दिसत होतं. क्रिनॉइडनं टाकलेली शी. शी म्हणून नाक मुरडू नका, त्यात न पचलेलं अन्न असतं. हे उत्तर बरीच वर्षं मान्य होतं. क्रिनॉइडचं काही बिघडत नाही आणि गोगलगायीचं पोट भरतं, असा सगळा शांततेचा मामला.

पण १९८८ साली काही अभ्यासकांनी मापं काढली. गोगलगाय बसलेले क्रिनॉइड आणि न बसलेले क्रिनॉइड. तर गोगलगायवाले लहान निघाले! काहीच बिघडत नसेल तर मग वाढ का खुंटली? आणि १९९० साली टोमाश बाउमिलर यांनी आणखी एक पुरावा मांडला. काही नमुन्यांत गोगलगायीच्या खाली क्रिनॉइडच्या अंगात एक भोक होतं. वेडंवाकडं नाही, गोल, नीट कोरलेलं. पुढे २००३ मध्ये फॉरेस्ट गान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कोरण्याचे आणखी पुरावे दिले.

म्हणजे शांत बसलेला पाहुणा प्रत्यक्षात घराच्या भिंतीला भोक पाडून आतल्या डब्यातलं खात होता! निदान काही गोगलगायी तरी. ज्यांच्याखाली भोक नाही, त्या नुसत्या उरल्यासुरल्यावर जगत असतील. नक्की कोण किती चोर आणि कोण किती साधा, यावर अजून वाद चालू आहे. तसा प्रकार आजच्या समुद्रातही बघायला मिळतो. निळा तारामासा असतो, त्याच्या हाताखाली टोपीसारख्या शंखाची एक गोगलगाय चिकटून बसते आणि सोंड खुपसून त्याचा रस पिते. प्लॅटिसेरसशी तिचं जवळचं नातं नाही. प्लॅटिसेरसचं सगळं कुळ तर २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात संपलं. धंदा मात्र तोच.

आता जरा मागे या. टेबलापाशी. हातात सोड्याची फवारणी आहे आणि क्रिनॉइडच्या डोक्यावर ती वाकडी टोपी. मनात काय येईल? 'ही मध्येच कुठून आली? काढून टाकू या, म्हणजे क्रिनॉइड कसा स्वच्छ, देखणा दिसेल.' असं वाटणं स्वाभाविक आहे. बाजारात देखण्या नमुन्याला पैसेही जास्त मिळतात. काही विक्रेते तर तुटलेले हात दुसऱ्याच दगडातून आणून चिकटवतात, वर रंग फासतात. पण कीज यांच्या आधी कुणी सगळ्या गोगलगायी खरवडून काढल्या असत्या तर? क्रिनॉइड उरले असते, कवचंही वेगळ्या डब्यात उरली असती. पण कोण कुठं बसलं होतं, हे जगात कुणालाच कळलं नसतं. म्हणून चांगला कारागीर अनोळखी वस्तू दिसली की आधी हात थांबवतो. फोटो काढतो, वहीत चित्र काढतो, कुठल्या बाजूला, किती खोल, ते लिहितो. सुटा झालेला कणसुद्धा डबीत ठेवून वर चिठ्ठी लावतो. मला विचाराल तर त्या वहीची किंमत दगडाहून कमी नाही.

क्रॉफर्ड्सव्हिलच्याच दगडांत दुसरा एक पाहुणा मिळतो, तो पहिल्यांदा दिसला की दचकायलाच होतं. क्रिनॉइडला सापांच्या पिल्लांनी वेटोळं घातलंय असं वाटतं! बारीक, खवल्याखवल्यांचे पाच हात, टोकाशी आत गुंडाळलेले. इथं चमकेचा ठसा लावून बघा. तुटक्या भागात चमक येते. पाचाचा हिशेबही जुळतो. म्हणजे हा क्रिनॉइडच्याच मोठ्या कुळातला. पण क्रिनॉइडचा हात म्हणावा तर देठ कुठाय, पेला कुठाय? हा आहे ऑनिकॅस्टर, तारामाशांच्या सडपातळ चुलत भावंडांपैकी, ज्यांना ब्रिटल स्टार म्हणतात. मीक आणि वर्थेन या दोघांनी १८६८ साली त्याला हे नाव दिलं. तो क्रिनॉइडवर चढून वर का बसायचा? जत्रेत बाबांच्या खांद्यावर बसलं की कसं सगळं दिसतं, तसंच काहीसं असेल. तळापासून उंचावर पाण्याचा प्रवाह चांगला, अन्नाचे कणही जास्त. की त्याचंही लक्ष क्रिनॉइडच्या टाकाऊ मालावरच होतं?

आणि कधी कधी तर पाहुणा वाटलेला घरचाच निघतो! कांद्याएवढे, त्याहूनही मोठे, आत कप्पे असलेले गोल गड्डे जुन्या खडकांत सापडत. कशाचे ते कुणाला कळेना. अमेरिकेच्या जेम्स हॉल यांनी त्यांना कॅमॅरोक्रिनस असं स्वतंत्र नाव देऊन टाकलं. पुढे देठ जोडलेले गड्डे मिळाले तेव्हा उलगडा झाला. हे तर सायफोक्रिनायटिस नावाच्या क्रिनॉइडच्याच देठाचं टोक! मोरोक्को देशात हे क्रिनॉइड ढिगांनी मिळतात. तो गड्डा फुग्यासारखा पाण्यावर तरंगायचा आणि क्रिनॉइड खाली उलटा लोंबकळायचा, असं बरेच अभ्यासक मानतात. डोकं खाली, देठ वर. वटवाघूळच म्हणा ना!

'बाई, आपल्याकडे का नाही मिळत असे दगड?' हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्हारसाच्या काळ्या दगडाचा आहे. उकळत्या लाव्हारसात समुद्रातले प्राणी कसे टिकणार? क्रिनॉइड हवेत तर जुन्या समुद्रात साचलेला गाळ किंवा चुनखडक हवा. हिमालयात स्पितीच्या खोऱ्यात तसे खडक आहेत आणि त्यांत क्रिनॉइडच्या चकत्या मिळतात. आणि एक जीवाश्म तर तुमच्यापैकी काहींच्या देवघरातच असेल. शाळिग्राम! नेपाळच्या गंडकी नदीतला तो काळा गोटा. त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रप्राण्याचं कवच. आजोबांना विचारून, हात धुऊन, हळूच बघा. मात्र फोडायबिडायच्या भानगडीत पडू नका, आजोबा मलाच बोलतील!

कोकणात जाणाऱ्यांसाठी मात्र या वेळचा उद्योग तयार आहे. समुद्रकाठी रिकाम्या शिंपा पडलेल्या असतात. त्यांतल्या काहींना एक छोटं, गोल भोक असतं. लाटांच्या आपटण्यानं पडलेलं भोक वेडंवाकडं असतं. हे मात्र कंपासनं काढल्यासारखं गोल, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं. हे काम वाळूत राहणाऱ्या, गुळगुळीत गोल शंखाच्या एका गोगलगायीचं. तिच्या तोंडात बारीक दातांची खरखरीत जिभेसारखी पट्टी असते. आम्लासारखा द्रव सोडून ती कवच मऊ करते, पट्टीनं खरवडते, पुन्हा द्रव, पुन्हा खरवडणं. भोक आरपार गेलं की आतला जीव संपला.

एका जागी बसून हाताला येतील तशा शंभर शिंपा गोळा करा. छान छान निवडायच्या नाहीत हं, येतील तशा! गोल भोकाच्या किती, ते मोजा. दोन शिंपा जिथं जोडलेल्या असतात त्या बिजागरीपासून भोक किती लांब आहे, तेही पट्टीनं मोजून वहीत लिहा. किनाऱ्याचं नाव आणि तारीख विसरू नका. मोजून झालं की शिंपा तिथंच ठेवून या, त्यांत घर करणारे पुष्कळ आहेत. तुमचे आकडे आमच्याकडे पाठवा. निरनिराळ्या किनाऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी छापू आणि कुठली गोगलगाय जास्त खादाड ते बघू.